ओतून टाकायचं पाणी

इंदिरानगर, नाशिक
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

चि. ललित यास,

पुंजाकाकाचे आशीर्वाद. घरातल्या लहानाला पत्र लिहिताना आधी आशीर्वाद लिहायचे, एवढं शाळेत शिकवलं होतं म्हणून लिहिले. मनात काय आहे ते खाली येतंच आहे.

इकडे सर्व ठीक, असंही लिहायची पद्धत असते. तर अंबडचा कारखाना ठीक आहे. दोन लेथ जोरात चालू आहेत, तिसरा कण्हतोय, त्याचं बेअरिंग पुढच्या आठवड्यात बदलू. माझं बीपी ठीक आहे. ठीक असलेल्या गोष्टी इथं संपल्या.

फोन करत नाही, कारण तू माझा नंबर बंद करून ठेवलास. बरोबरच केलंस. गेल्या बुधवारी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून मी तुला जे बोललो ते खालच्या वॉचमनलासुद्धा पाठ झालं असेल. कागदावर मला शिवी लिहिता येत नाही, हात अडतो. म्हणून पत्र. कारखान्यातला आपला मनोज शनिवारी पेठला घरी येतो, त्याच्या हाती देतोय. तू वाचलंस की नाही ते त्याला विचारणार आहे. तो खोटं बोलला तर मला आवाजावरून कळतं, हे त्याला माहीत आहे.

तुझ्या भागीकाकूच्या दोन्ही किडन्या बसल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. मानेत नळी घातली आहे. ती त्या मशीनकडं बघत नाही, छताकडं बघते.

संक्रांतीला तिनं तिळगूळ केला, पण वाटला नाही. दाराशी बायका येऊन उभ्या, ही पाटावरून उठेना. पाय सुजून चपलेत जाईनात. दोन दिवस पोटात अन्न ठरत नव्हतं, लघवी दिवसाला जेमतेम कपभर. मी म्हटलं, पित्त असेल. चौथ्या दिवशी नेलं. क्रिएटिनिन सात पॉइंट नऊ. दसऱ्याच्या आधी तिची साखर तपासली होती तेव्हा हेच एक पॉइंट दोन होतं, तो कागद फाइलला आहे. क्रिएटिनिन म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तू फळ्यावर लिहून लोकांना शिकवतोस. मी आपला माझ्या भाषेत समजलो: किडनीला रक्तातला कचरा काढायला जमत नाही, की हा काटा चढतो.

किडनीच्या डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या आहेत, पण बोलतात कमी. कागद बघून म्हणाल्या, "साखरेनं किडनी जाते काका, पण पायरी पायरीनं उतरते. ही गच्चीवरून पडलीये. घरात नवीन काय सुरू केलं होतं?"

मी सांगितलं. पालक, बीट, मूठभर बदाम, सगळं कच्चं, मिक्सरमधून काढून गाळलेलं. वरून तुझी ती आंबट पावडर, व्हिटॅमिन सीची. दूध बंद, दही बंद, कारण दुधानं अंगात चिकटा साचतो असं ललितसरांनी सांगितलं. सर म्हणजे तू. बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती?" म्हणाल्या. मी म्हटलं, "ग्लास." त्यांनी लिहून घेतलं.

मग पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढला, शेवईच्या तुकड्याएवढा. त्याचा फोटो मला कॉम्प्युटरवर दाखवला. काळ्यावर चमचम करत होतं. लेथच्या खाली बारीक चुरा पडतो आणि त्यावर ऊन आलं की कसा चमकतो, तसं. मी विचारलं, "हे लोखंड आहे का?"

"ऑक्झलेट," म्हणाल्या. "खडे आहेत, पण मुतखड्यासारखे मोठे नाहीत. बारीक. किडनीच्या एकेका नळीत जाऊन बसलेत."

मी तीस वर्षं मशीनला पाणी पाजतोय. बोअरच्या पाण्याचा क्षार पाइपात कसा बसतो ते मला कुणी शिकवायला नको. पण हे मी त्यांच्याकडून तीनदा समजावून घेतलं, आणि आता तुला लिहितोय, कारण तुझ्या फळ्यावर हे कधी लिहिलेलं मी पाहिलं नाही. पालकात, बीटात, बदामात ऑक्झलेट असतो. त्याला कॅल्शियम लागतं, कॅल्शियम दिसलं की धरून बसतो. जेवणात दूध-दही असलं तर पोटातच त्यांची जोडी जमते आणि सकाळी परसाकडं निघून जाते. पोटात कॅल्शियम नसलं की हा मोकळा ऑक्झलेट रक्तात शिरतो, तिथून किडनीत, आणि तिथं कॅल्शियम गाठून खडा होऊन बसतो. तू दूध बंद केलंस. व्हिटॅमिन सी जास्त झालं की त्याचाही अंगात ऑक्झलेटच होतो. तू पावडर चालू केलीस. म्हणजे बाहेर जायचं दार तू लावून घेतलंस आणि आत यायचे दोन उघडलेस. तिला साखर आहे, तिच्या किडन्या आधीच थोड्या थकलेल्या, हे तुला माहीत होतं. चार महिन्यांत काम झालं.

तू सहादूचा मुलगा, पण सहा वर्षं आमच्या घरी राहून शिकलास. पोह्यात शेंगदाणे वेगळे काढून ठेवायचास तेव्हा ही तुझे शेंगदाणे आधीच काढून पोहे वाढायची. मी तिला म्हणायचो, अगं लाडावतेस त्याला. ती म्हणायची, "भावाचा मुलगा हाय तुमच्या, पाहुणा नाय." त्या बाईला तू काय पाजलंस?

आणि तुझं ते पहिलं भाषण, इंदिरानगरच्या बागेतलं. मी पहिल्या रांगेत होतो. माईक धरून म्हणालास, "माझी आजी चिमणाबाई पेठच्या डोंगरातली. भाजी उकडायची आणि पाणी मोरीत ओतायची. सगळं सत्त्व मोरी प्यायची आणि चोथा आम्ही खायचो. मोरी आमची एकदम ठणठणीत." चाळीस माणसं हसली. ललित, मोरी नव्हती रे आपल्याकडं. घरामागं करवंदीच्या जाळीपलीकडं ती पाणी ओतायची, जिथं कोंबड्या जात नाहीत. पावसाळ्यात रानातली शेवळं आणली की ती भाजी बारीक चिरायची, काकडाची आंबट फळं घालून उकडायची, पाणी ओतायची, आणि मगच फोडणी. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "घसा धरतो. ते पानी कोंबडीलाबी देत नाय." तिला ऑक्झलेट हा शब्द माहीत नव्हता. तो तुला माहीत होता.

आता मुद्द्याचं. रविवारी, १६ तारखेला पेठच्या बाजारात तुझं मोफत शिबिर आहे असं ऐकतो. दोन मिक्सर लावणार, दोनशे माणसांना पाजणार. ते रद्द कर. इथल्या तुझ्या 'हिरवी सकाळ' गटात बेचाळीस माणसं आहेत, त्या प्रत्येकाला फोन करून सांग की किडनीची तपासणी करून घ्या. त्यातल्या चौघांना साखर आहे, मला नावानिशी माहीत आहेत. तू नाही केलास तर मी करीन, आणि मी केला तर तुझं नाव कसं घेईन ते तुला ठाऊक आहे.

आधी शिबिर थांबव, मग पाया पडायला ये. पाय आहेत इथंच.

पुंजाकाका


इंदिरानगर, नाशिक
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

चि. ललित,

तुझं उत्तर मनोजनं सोमवारी सकाळी टेबलावर ठेवलं आणि न थांबता मशीनवर गेला. म्हणजे तू त्याच्यासमोर रडलास किंवा ओरडलास.

तुझी चार पानं वाचली. अक्षर अजून चांगलं आहे. पहिली तीन पानं मी रागानं वाचली, कारण त्यांत तू वकिलासारखा बोलतोस. अळू-शेवळ्याची खाज वेगळी आणि पालक वेगळा, म्हणतोस. बाईंना विचारलं. म्हणाल्या, वस्तू एकच. अळूत तिच्या सुया असतात, म्हणून घसा लगेच ओरडतो. पालकात बरीचशी विरघळलेली असते, म्हणून कुणी ओरडत नाही, आणि उकडलं की पाण्यात उतरते. पालक विष नाही, हेही म्हणाल्या. उकडून, पाणी काढून, दह्याबरोबर बेतानं खाल्ला तर चांगल्या माणसाला काही होत नाही. मग मी त्यांना सांगितलं की माझ्या आईला हे येत होतं. त्या म्हणाल्या, "मग घरातच डॉक्टर होता की." मी बाहेर येऊन पाणी प्यायलो.

चौथ्या पानाला तू छापील कागद जोडलास. त्यावर लिहिलंय: एक लहान कप, आठवड्यातून तीन दिवस, मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारा. खाली पेनानं तू लिहिलंस: "काका, दोन मोठे ग्लास रोज, हे मी कधी सांगितलं होतं?"

नव्हतं सांगितलंस.

हे एवढं लिहायला मला तीन दिवस लागले. मागच्या पत्रात मी 'ग्लास' लिहून पुढं सरकलो होतो. बाईंनाही 'ग्लास'च सांगितलं होतं. तो आपला स्टीलचा लस्सीचा ग्लास, तळाला माझं नाव कोरलेला. अर्धा लिटर. सकाळी एक, संध्याकाळी एक. पावडरही तू एक चमचा सांगितली होतीस, मी तीन घालत होतो. माझं सगळं आयुष्य असंच गेलं ना रे. हेल्पर असताना आठ तास सांगितले तर बारा थांबलो, म्हणून कारखाना झाला. मला वाटलं, औषधालाही हाच नियम असेल. छापील कागद मी वाचला होता. लहान कप वाचून हसलो होतो, आणि तिला म्हणालो होतो, हे शहरातल्या नाजूक लोकांसाठी लिहितात.

मंगळवारी डायलिसिस चालू होतं. मी पडद्याबाहेर खुर्चीवर डोळे मिटून बसलो होतो. माझे कान तुला माहीत आहेत. आत नर्स विचारत होती, "मावशी, एवढं कच्चं कसं पीत होतात हो?"

भागी म्हणाली, "लय वाईट लागायचं. दातांवर खडू घासल्यासारखं व्हायचं. नंतर नंतर जिभेला चवच नव्हती."

"मग नाही म्हणायचं."

"म्हटलं ना दोनदा. पन ते उभे राहायचे. ग्लास खाली होईपर्यंत दारातून हलायचे नाहीत. कारखान्याला उशीर करून माझ्यासाठी मिक्सर लावायचे, स्वतः धुवायचे. एवढ्या वर्षांत त्यांनी मला हातानं कधी काही करून दिलं नव्हतं. मग म्हटलं, पिऊ." थोड्या वेळानं म्हणाली, "हे त्यांच्याजवळ बोलू नका हां."

चाळीस फुटांवरून बेअरिंग गेलेलं मला ऐकू येतं, ललित. आणि ही बाई माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी राहून दोनदा सांगत होती की दातांवर खडू लागतो. पहिल्यांदा मी म्हणालो, बीट जास्त घालतो. दुसऱ्यांदा म्हणालो, "तुला बरं व्हायचंच नाही का?" मग तिनं सांगणं सोडलं, आणि मी समजलो सवय झाली.

आणखी एक आहे. आई दिवाळीनंतर दोनच दिवसांत पेठला परत का आली, हे तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं होतं की तिला शहरात करमत नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्याशी आली. ग्लासात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "हे कच्चं पानी हाय. हे पेत्यात का कदी?" मी समजावत होतो तोवर तिनं तो ग्लास उचलला आणि मोरीत ओतला. शांतपणे, भाजीचं पाणी ओततात तसा. भागीच्या देखत मी आईला म्हणालो, "तुझं अडाणीपण पेठला ठेव. इथं माझ्या बायकोच्या तब्येतीत हात घालू नको." ब्याऐंशी वर्षांची बाई. तिनं पदर डोक्यावरून नीट केला, पिशवी भरली. पेठच्या गाडीत मी बसवून दिलं तेव्हा खिडकीतून एवढंच म्हणाली, "भागीला दूध देत जा." मी दुसरा ग्लास तयार करायला घरी आलो.

चार महिन्यांत तिला वाचवणारं एकच माणूस घरात आलं होतं. त्याला मी गाडीत बसवून दिलं.

आता तू म्हणशील, काकांनी कबूल केलं, मी सुटलो. सुटला नाहीस. भाऊबीजेला तू जेवायला होतास. तो ग्लास तू हातात घेतलास, हसलास, आणि काकूच्या हातात देऊन फोटो काढलास. गटावर टाकलास, खाली लिहिलंस, "आमच्या काकूंचा उत्साह." तो फोटो अजून आहे माझ्या फोनमध्ये. लहान कप छापणारा माणूस अर्ध्या लिटरच्या ग्लासाचा फोटो काढतो आणि गप्प बसतो, कारण समोरचा काका मोठा माणूस आहे आणि चार ओळखी करून देतो. मी ऐकलं नाही आणि तू बोलला नाहीस. तू शिकलेला होतास म्हणून तुझा राग जास्त येतो. माझा मला किती येतो ते कागदावर मावत नाही.

तब्येत विचारलीस. काल लघवी साडेसहाशे मिली झाली, गेल्या आठवड्यात दीडशे होती. मी मोजून लिहून ठेवतो, नर्सच्या आधी. बाईंना विचारलं, आशा आहे का. म्हणाल्या, "आशा हा शब्द मी वापरत नाही, अजून सहा आठवडे बघू." काही किडन्या परत येतात, काही अर्ध्या येतात, काही येत नाहीत. भागीला हे सगळं माहीत आहे. तिनं विचारलं, "दही खाल्लं तर चालंल ना आता?" जेवणाबरोबर चालेल म्हणाल्या, किती ते त्यांनी लिहून दिलं. तेवढीच वाटी. चमचाभरसुद्धा जास्त नाही.

बेचाळीस जणांना तू फोन केलेस, हे कळलं. तीन जणांचे रिपोर्ट वरखाली आले, त्यातल्या एकाला बाईंनी लगेच औषध बदलून दिलं. हे चांगलं केलंस. म्हणून नव्हे, पण शिबिराचं मी मागं लिहिलेलं बदलतो. रद्द करू नकोस. रद्द केलंस तर लोक म्हणतील सर आजारी होते, आणि घरी जाऊन स्वतःच मिक्सर लावतील. बाजारात लोक येऊ देत. मिक्सर आणू नको, चूल मांड. पालकाच्या दोन जुड्या आण, पातेलं आण. आणि आईला विचार, येशील का. ओढून आणू नको, विचार. ती नाही म्हणाली तर नाही. ती आली तर तिला खुर्ची दे आणि तू मागं उभा राहा. ती उकडेल, पाणी ओतेल. का ओततात ते तू माईकवरून सांग, शिकलेल्या शब्दांत. तुझं बागेतलं भाषणही परत कर, या वेळी कोण हसतं ते बघू.

मी रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय. भागीजवळ तिची बहीण ठमाबाई बसणार आहे. तो स्टीलचा ग्लास पिशवीत घेतलाय, तळाला नाव असलेला. टेबलावर ठेवीन. तुझ्यानंतर दोन मिनिटं मला हवीत. मला भाषण येत नाही. ह्या ग्लासानं मी माझ्या बायकोला काय पाजलं, एवढंच सांगणार आहे. त्या आधी आईसमोर जायचं आहे. ती माझ्याशी बोलली तर ठीक. नाही बोलली तर पाणी काढून देईन तिला विहिरीवरून, उभा राहीन.

मनोजला आज परत पाठवलाय, उलट टपाली उत्तर नको. मला बघितल्यावर तोंड फिरवू नकोस, एवढं कर. राग आहे, जाणार नाही, पण तू पोह्यातले शेंगदाणे वेगळे काढायचास ते मला आठवतं, आणि खड्यांचं कळल्यावर भागीनं पहिलं विचारलं होतं, "ललितला कुनी रागावलं तर नाय ना?"

मी म्हणालो, नाही.

ग्लास रिकामा होईपर्यंत दारात उभा राहिलेला,
तुझा काका
पुंजा